वाटाण्याएवढी ग्रंथी, सीटी स्कॅन आणि यंदाची अठ्ठाई



पर्युषण संपल्यापासून स्थानकात, बाजारात, अगदी कर्जत स्टेशनच्या पुलावरही मला एकच प्रश्न विचारला जातोय. "तुमच्या सासूबाईंनी यंदा अठ्ठाई नाही केली? दरवर्षी तर करतात!" एकेकीला उभ्याउभ्या उत्तर देणं जमत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर त्याचं भलतंच होतं. म्हणून मम्मींना विचारून, त्यांच्या परवानगीने, सगळं इथे सविस्तर लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिही, पण रडगाणं नको. कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं लिही." तेव्हा तसंच लिहिण्याचा प्रयत्न करते.

आधी थोडी ओळख त्या ग्रंथीची. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव पीयूषिका, मराठी विश्वकोशात पोष ग्रंथी आणि दवाखान्यात पिट्युटरी. आकार वाटाण्याच्या दाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली, कवटीच्या हाडातल्या एका लहानशा खळग्यात ती बसलेली असते. त्या खळग्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून डॉक्टर त्याला लॅटिनमध्ये तुर्की खोगीर म्हणतात. जुन्या काळी युरोपातल्या वैद्यांना वाटायचं की मेंदूतला कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो. पिट्युटरी हे नाव कफावरूनच पडलं. कफाशी तिचा काही संबंध नाही. ती घरातल्या मोठ्या सुनेसारखी आहे. थायरॉइडने किती काम करायचं, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींनी कॉर्टिसोल किती बनवायचं, पाळी कधी यायची, बाळंतिणीला दूध कसं यायचं, मुलाची उंची किती वाढायची, लघवीतून पाणी किती जाऊ द्यायचं, हे सगळं तिच्या सांगण्यावर चालतं. ती बिघडली की घरातला प्रत्येक जण वेगळी तक्रार घेऊन येतो, आणि मूळ बिघाड कुठे आहे हे पटकन कळत नाही.

मम्मींच्या बाबतीत तक्रार डोळ्यांची होती.

मम्मींचं धान्य निवडणं आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. परातीतल्या तांदळात एक पोरकिडा राहणार नाही. आपल्याकडे जयणा म्हणजे काय, हे मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या परातीकडे बघूनच शिकले. मागच्या दिवाळीनंतर असं दिसू लागलं की परातीच्या मधला भाग स्वच्छ असतो आणि दोन्ही कडांना खडे, किडे तसेच राहतात. ताटात डाव्या हाताला ठेवलेली वाटी त्यांना दिसायची नाही, "आमटी वाढलीच नाही" म्हणायच्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, कधी डावा, कधी उजवा. सामायिकात शेजारी कोणी येऊन बसलं तर दचकायच्या. पुस्तक मात्र नीट वाचता यायचं, सुईत दोरासुद्धा ओवायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती. चष्म्याचा नंबर तपासला, तो बरोबर होता. अंगात ताकद नसायची, सकाळी उठवत नसे, उभं राहिलं की चक्कर यायची. वय अडुसष्ट, त्यामुळे "वयाचं आहे" हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर तयार होतं.

पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ते उत्तर मान्य केलं नाही. त्यांनी एक वेगळी तपासणी केली. एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. याला पेरिमेट्री म्हणतात. कागद बाहेर आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या चित्राची डावी बाजू काळी होती आणि उजव्या डोळ्याच्या चित्राची उजवी. म्हणजे दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसत नव्हतं. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, अगदी तसं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याच वहीत चित्र काढून दाखवलं. दोन्ही डोळ्यांकडून निघालेल्या नसा मेंदूकडे जाताना एका जागी एकमेकींना भेटतात, आणि बाहेरच्या बाजूचं चित्र वाहणारे धागे तिथे बाजू बदलतात. ही फुली पिट्युटरीच्या अगदी वर आहे. ग्रंथी फुगून वर आली की त्या फुलीच्या मध्यावर दाब पडतो आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू विझत जाते. "डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या, "डोळ्यांच्या मागे बघायला पाहिजे."

आता सीटी स्कॅनकडे येते, कारण मंडळात सर्वात जास्त गोंधळ याच गोष्टीवर होता. "पिट्युटरीला तर एमआरआय करतात, तुमच्याकडे सीटी का केला?" असं मला तीन जणींनी विचारलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. या ग्रंथीसाठी पहिली पसंती एमआरआयलाच असते. मऊ भागातला बारीक फरक त्यात जास्त चांगला दिसतो. दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला मायक्रोअॅडिनोमा म्हणतात आणि त्याहून मोठीला मॅक्रोअॅडिनोमा. तीन-चार मिलिमीटरची गाठ सीटीत निसटू शकते. म्हणून सीटी स्वच्छ आला तरी लक्षणं आणि रक्ताच्या तपासण्या वेगळं सांगत असतील, तर डॉक्टर तिथे थांबत नाहीत.

पण एमआरआय म्हणजे मोठं चुंबक. मम्मींच्या छातीत नऊ वर्षांपूर्वी बसवलेला पेसमेकर आहे. आताचे बरेचसे पेसमेकर ठरावीक काळजी घेऊन एमआरआयला चालतात, पण ते त्यांच्या कार्डावर लिहिलेलं असावं लागतं. मम्मींच्या जुन्या कार्डावर तसं काही नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून शेवटी सीटी ठरला. अशा वेळी सीटीच आधाराला येतो. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, डोळ्यात किंवा डोक्यात लोखंडाचा कण असेल, किंवा बंद नळीत अर्धा तास पडून राहणं कोणाला अजिबात सहन होत नसेल, तेव्हाही बऱ्याचदा हाच मार्ग असतो.

सीटीची काही कामं तर अशी आहेत की ती त्यालाच चांगली जमतात. हाड त्याच्याइतकं स्पष्ट कोणी दाखवत नाही. खोगिराचा तळ झिजला आहे का, नाकामागच्या पोकळ्यांमधले पडदे कसे आहेत, हे ऑपरेशन करणाऱ्याला आधी माहीत असावं लागतं, कारण आता ही गाठ बहुतेक वेळा नाकातूनच काढतात. गाठीत चुना साचला असेल तर तोही सीटीत चटकन कळतो. मुलांमध्ये त्याच जागी क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ होते, तिच्यात असा चुना बऱ्याचदा असतो. आणि तातडीच्या वेळी सीटी काही मिनिटांत होतो. कधीकधी पिट्युटरीच्या गाठीत अचानक रक्तस्राव होतो. डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात किंवा दिसेनासं होतं. अशा माणसाला रात्री दोन वाजता इस्पितळात नेलं तर पहिला फोटो सीटीचाच निघतो.

या यंत्राची गोष्ट वाचून मला फार मजा वाटली. आपल्या आईवडिलांच्या घरी एचएमव्हीच्या तबकड्या असायच्या, भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या. भारतात त्या काढणारी ग्रामोफोन कंपनी ज्या ईएमआय कंपनीच्या परिवारातली, त्याच ईएमआयमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन केला. रुग्ण एक बाई होती. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि गणिताची बाजू आधीच मांडून ठेवलेले अॅलन कॉरमॅक या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्याआधी काय करत असत ते ऐका. साध्या एक्सरेत खोगीर फुगलेलं दिसतं का ते बघायचे. तेवढ्याने भागलं नाही तर पाठीच्या कण्यातून सुई घालून आत हवा सोडायचे, ती हवा मेंदूभोवती चढायची आणि मग एक्सरे काढायचे. पेशंट दोन-दोन दिवस डोकेदुखीने आणि उलट्यांनी हैराण व्हायचा. आपण आज पाच मिनिटं टेबलावर पडून राहतो, त्यामागे हे सगळं आहे.

मम्मींचा स्कॅन नवी मुंबईत झाला. आम्ही सकाळी कर्जतहून चौकमार्गे निघालो. वेळ सकाळचीच मागून घेतली होती, आणि त्याला कारण होतं. ग्रंथी नीट उठून दिसावी म्हणून शिरेतून आयोडीनचं औषध देतात, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात आणि नंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात. आपल्यापैकी ज्यांचा चौविहार आहे, त्यांनी संध्याकाळी पाचची वेळ घेतली तर पाणी प्यायचं कधी? सकाळी नऊला झालं की सूर्यास्तापर्यंत पुरेसं पाणी पोटात जातं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तीही आधी सांगायची, काही जणांना ती दोन दिवस थांबवायला लावतात. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल, तर तेही सांगायचं.

मम्मींचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच होता, "यात प्राणिज काही आहे का?" तिथल्या डॉक्टरांनी न हसता उत्तर दिलं की हे आयोडीन जोडलेलं कारखान्यात बनवलेलं रसायन आहे, प्राण्यांपासून घेतलेलं काही नाही. मग त्या निवांत झाल्या. औषध जाताना सगळ्या अंगातून गरम लाट जाते, तोंडात धातूची चव येते आणि कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं. होत काहीच नाही, पण आधी सांगितलेलं नसलं तर बाई घाबरते. किरणांचीही भीती असते. डोक्याच्या एका साध्या सीटीत साधारण दोन मिलिसीव्हर्ट किरण लागतात. आपल्याला जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षभरात सरासरी जेवढे लागतात, जवळपास तेवढेच. गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी सांगायलाच हवं. नाहीतर गरजेचा स्कॅन भीतीपोटी टाळण्यात अर्थ नाही, आणि गरज नसताना हौस म्हणून करण्यातही नाही.

स्कॅनमध्ये कपाळापासून मागेपर्यंत बारीक बारीक काप घेतात, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, आणि मग संगणक ते काप समोरून, बाजूने, हवे तसे जोडून दाखवतो. समोरून पाहिलेल्या चित्रात मम्मींची गाठ मला डॉक्टरांनी न दाखवताही दिसली. खोगिरातून वर आलेली, मध्ये थोडी आवळलेली, मातीच्या लहान बाहुलीसारखी. चोवीस मिलिमीटर.

त्या रात्री घरी कोणी नीट जेवलं नाही. गाठ म्हटलं की आपल्या डोक्यात एकच शब्द येतो. दुसऱ्या दिवशी हार्मोन्सच्या डॉक्टरांनी पहिलीच गोष्ट सांगितली, की पिट्युटरीच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या शरीरभर पसरत नाहीत. त्रास होतो तो जागेचा, आणि हार्मोन्स जास्त किंवा कमी झाल्याचा. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती तुम्हीही लक्षात ठेवा. दुसऱ्याच कारणाने स्कॅन केला आणि पिट्युटरीत लहानसा ठिपका सापडला, तर लगेच घाबरायचं नाही. साधारण दहातल्या एका माणसात असा निरुपद्रवी ठिपका असू शकतो. फोटो गाठ दाखवतो, पण ती काय करते आहे ते रक्त सांगतं. दोन्ही एकत्र वाचायचे असतात.

म्हणून रक्ताच्या तपासण्या झाल्या. कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमाराला, कारण ते सकाळी सर्वात जास्त असायला हवं. मम्मींचं अगदीच कमी निघालं. सकाळी न उठवणं, चक्कर, अन्नावरची वासना जाणं, सगळ्याचं उत्तर त्या एका आकड्यात होतं. थायरॉइडही कमी होतं. इथे एक क्रम असतो. आधी कॉर्टिसोलची गोळी सुरू करायची आणि मग थायरॉइडची. उलटं केलं तर जिवावर बेतू शकतं. प्रोलॅक्टिनही तपासलं, आणि ते ऑपरेशनआधी तपासायलाच हवं. गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असेल तर कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ती बहुधा आटते, ऑपरेशन लागतच नाही. मम्मींची तशी नव्हती. डोळ्यांवर दाब होता, त्यामुळे ऑपरेशन ठरलं. नाकातून दुर्बिणीने, बाहेर एकही टाका नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी आधी पेसमेकर तपासून लावून दिला, आणि सर्जननी सीटीतला नाकामागच्या हाडांचा नकाशा समोर ठेवूनच काम केलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पण आमच्या घरातला खरा पेच त्यानंतर सुरू झाला.

दुसऱ्या दिवसापासून मम्मींना भयंकर तहान आणि लिटर-लिटर लघवी. या ऑपरेशननंतर काही दिवस असं होऊ शकतं. लघवीतलं पाणी धरून ठेवणारा हार्मोन पिट्युटरीच्या मागच्या भागातून येतो आणि तो भाग काही काळ गप्प होतो. डॉक्टर म्हणाले, तहान लागेल तेव्हा प्यायचं, दिवस असो की रात्र. नाहीतर रक्तातलं मीठ वाढतं आणि ते धोक्याचं असतं. मम्मींचा एकतीस वर्षांचा चौविहार. रात्री अकराला त्या कोरड्या ओठांनी भिंतीकडे तोंड करून पडून होत्या आणि पेला हातात घेत नव्हत्या. सासरे बाहेर बाकावर. माझे मिस्टर समजावून थकले. मी पेला घेऊन बसले आणि म्हटलं, "मम्मी, तुम्ही आज पच्चक्खाण घेतलेलंच नाही. सकाळपासून शुद्ध कुठे होती तुम्हाला? मोडतंय काय मग?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अर्धा पेला प्यायल्या. रडल्या. पुन्हा अर्धा पेला प्यायल्या. ती तहान आठ दिवसांत गेली, पण त्या रात्रीचा घोट त्यांना जड गेला तो गेलाच.

मग आलं पर्युषण. कॉर्टिसोलची गोळी मम्मींना आता बहुधा कायमची आहे, दिवसातून दोनदा. मम्मींनी आषाढातच सांगून टाकलं, "आठ दिवस गोळी बंद ठेवीन. अठ्ठाई चुकवणार नाही." डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं की बाई, बाकी काही ऐकू नका, पण ही गोळी एक दिवसही बंद करू नका. चांगल्या माणसाचं शरीर उपवासात, तापात, दगदगीत आपोआप जास्त कॉर्टिसोल बनवतं. तुमचं शरीर बनवूच शकत नाही. गोळी थांबली की रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, माणूस बेशुद्ध पडतो आणि इंजेक्शन वेळेवर मिळालं नाही तर जातो.

घरात दोन पक्ष पडले. खोपोलीच्या नणंदबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांची तपश्चर्या आहे, काही होत नाही." मोठे दीर म्हणाले, "अजिबात नाही." मम्मी कोणाशीच वाद घालत नव्हत्या, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटत होतं.

पुण्याकडून घाट उतरून विहार करत आलेल्या साध्वीजींचा चातुर्मास यंदा आपल्याकडेच होता. मम्मी त्यांच्याकडे गेल्या, मी सोबत होते. साध्वीजींनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांचा कागदही वाचायला मागितला. मग त्यांनी विचारलं, "तपाचे प्रकार किती?" मम्मी म्हणाल्या, "बारा. सहा बाह्य, सहा आभ्यंतर." "त्यात अनशन कितवं?" "पहिलं." "मग बाकीचे अकरा कोणासाठी ठेवलेत?" त्या पुढे म्हणाल्या की पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत, समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक त्यात आहे. ज्यांनी हे नियम घालून दिले त्यांना शरीराची अडचण माहीत नव्हती असं समजू नका. उपवासाने समाधी भंगणार असेल आणि घरातले सगळे आर्तध्यानात पडणार असतील, तर तो उपवास कोणत्या कामाचा?

मम्मी वाटेत काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी स्वतःच आठ दिवस आखले. रोज दोन वेळा मोजकं जेवण, तेही पोटभर नाही, ही ऊनोदरी. पाचच द्रव्यं, हा वृत्तिसंक्षेप. गूळ-साखर बंद ठेवायचं त्यांच्या मनात होतं, पण डॉक्टरांना विचारलं तर ते नको म्हणाले, तेव्हा रसत्याग म्हणून तळलेलं सोडलं. सकाळी नवकारशीनंतर गोळी, दुपारी दुसरी. दुपारी मौन. आणि वैयावृत्त्य म्हणून अठ्ठाई करणाऱ्या तीन मुलींच्या पारण्याचं मुगाचं पाणी स्वतःच्या हाताने करून दिलं. मूग त्यांनीच निवडले. परातीच्या कडासुद्धा.

होय, दृष्टी बरीचशी परत आली आहे. तीन महिन्यांनी पुन्हा पेरिमेट्री आणि सीटी झाला. उजव्या डोळ्याच्या एका कोपऱ्यात अजून थोडं काळं आहे, तेवढं बहुधा राहील.

मंडळात मी हे सगळं सांगितल्यावर जे प्रश्न आले, त्यांची उत्तरं डॉक्टरांना विचारून आणली आहेत. प्रत्येकीने आपल्या घरातल्या बायकांकडे एकदा या नजरेने बघा.

मूल अंगावर पीत नसताना छातीतून दूध येत असेल, पाळी बंद झाली असेल किंवा दिवस राहत नसतील, तर प्रोलॅक्टिन तपासून घ्या. बऱ्याच जणी हे लाजेखातर सासूलाही सांगत नाहीत, आणि इलाज मात्र गोळीचा असतो.

बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, नंतर दूधच आलं नाही, पाळी परत आली नाही, वर्षानुवर्षं थकवा, थंडी सहन न होणं, काखेतले केस गळणं असं चाललं असेल, तर त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. शीहान या इंग्रज डॉक्टरांनी १९३७ मध्ये ते नीट मांडलं. गरोदरपणी पिट्युटरी वाढलेली असते, रक्तदाब कोसळला की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सुकते. अशा बाईच्या स्कॅनमध्ये पुढे खोगीर जवळपास रिकामं दिसू शकतं. वाडीवस्तीवरून आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांनाही हे विचारा. "बाळंतपणापासून अशक्त आहे" या एका वाक्यात वीस वर्षं निघून गेलेल्या असतात.

अंगठी, बांगड्या, चपला घट्ट होत चालल्या, जबडा पुढे आला, दातांत फटी पडल्या, तर वाढीचा हार्मोन जास्त असू शकतो. हे इतक्या हळू होतं की घरच्यांना कळत नाही. जुना लग्नातला फोटो शेजारी ठेवून बघा. तोंड गोल आणि लाल, पोट सुटलेलं, हातपाय बारीक, पोटावर जांभळे पट्टे, साधा धक्का लागला तरी काळंनिळं होणं, हे कॉर्टिसोल जास्त असल्याचं असू शकतं.

डोळ्यांची घरगुती परीक्षा सोपी आहे. समोरासमोर बसा, तिने एक डोळा झाकून तुमच्या नाकाकडे बघायचं, तुम्ही बाजूने बोट हलवत हळूहळू मध्ये आणायचं. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं बोट उशिरा दिसत असेल तर चष्म्याच्या दुकानात नको, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

औषधांत प्राणिज काय, हा आपला नेहमीचा प्रश्न. गोळी असेल तर बरं, कॅप्सूलचं वेष्टन बहुधा जिलेटिनचं असतं, पर्याय मागता येतो. कॉर्टिसोनचा इतिहास तर ऐकण्यासारखा आहे. १९४० च्या दशकात ते बैलाच्या पित्तापासून बनवत, पुढे मेक्सिकोतल्या एका रानटी कंदापासून या औषधांचा कच्चा माल मिळू लागला. वाढीचा हार्मोन १९८५ पर्यंत मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढत असत, आता तो प्रयोगशाळेत बनतो. मम्मींना कंदाचं सांगितलं तर म्हणाल्या, "बटाटावड्याच्या गावात राहून साठ वर्षं कंदमूळ टाळलं, आणि औषधाच्या इतिहासात निघालं!"

खर्चाचं म्हणाल तर पिवळं, केशरी रेशनकार्ड असलेल्या आपल्या बायकांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करा. २०१२ मध्ये ही योजना पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा नाव वेगळं होतं आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भेटायचं. परळच्या केईएम रुग्णालयात हार्मोन्सच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कर्जत लोकल आपल्याला तिथपर्यंत नेतेच.

शेवटची गोष्ट, आणि हीच मम्मींनी मोठ्या अक्षरात लिहायला सांगितली आहे. घरात कोणाला कॉर्टिसोलची, स्टेरॉइडची रोजची गोळी असेल, तर तपाचं ठरवण्याआधी डॉक्टरांना आणि महाराजसाहेबांना दोघांनाही खरं सांगा. एकाला अर्धं, दुसऱ्याला अर्धं नको. ताप आला तर गोळी वाढवावी लागते, उलटी झाली तर इंजेक्शन लागतं, म्हणून बटव्यात कार्ड ठेवा. मम्मींच्या बटव्यात आता नवकारवाळीशेजारी ते कार्ड असतं. त्यावर औषधाचं नाव, मात्रा आणि माझा फोन नंबर मी ठळक लिहिला आहे, आणि तसंच एक कार्ड स्थानकाच्या कपाटातही ठेवलं आहे.